व्हर्बल आणि पेरूचं झाड

मला इंग्रजी येत होतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढची हकीकत ऐकताना लोकांना नेमकी हीच शंका येते, मग मला मध्येच थांबून खुलासे करावे लागतात आणि रंगाचा बेरंग होतो. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला होतो तिथं मी इंग्रजीत अहवाल लिहायचो, इंग्रजीत रजा मागायचो आणि रजा नाकारली गेली की मनातल्या मनात शिव्याही इंग्रजीतच द्यायचो. तरीही व्यवस्थापन शिकवणाऱ्या मोठ्या संस्थांची वर्षातून एकदा होणारी प्रवेश परीक्षा मी दोनदा दिली आणि दोन्ही वेळा एकाच खड्ड्यात पडलो. त्या खड्ड्याचं नाव व्हर्बल, म्हणजे इंग्रजी भाषेचा विभाग.

गणितात मी वर. तक्ते, आलेख, टक्केवारी, सगळ्यात वर. आणि व्हर्बलमध्ये इतका खाली, की निकालाचा कागद पाहून कारखान्यातला मित्र म्हणाला, "प्रश्नपत्रिका उलटी धरली होतीस का रे?" त्या परीक्षेचा कायदा असा, की प्रत्येक विभागात एक किमान पातळी गाठावीच लागते. गणितातले जास्तीचे गुण व्हर्बलच्या खड्ड्यात भराव म्हणून टाकता येत नाहीत.

पहिल्या अपयशानंतर मी शब्द पाठ केले. असले शब्द, जे इंग्लंडातल्या माणसानंही जन्मात तोंडातून काढले नसतील. स्कूटर चालवताना ते पुटपुटत असायचो, तेव्हा नगर नाक्यावरचा हवालदार माझ्याकडे काळजीनं बघायचा. दुसऱ्या वेळी शब्दांचे प्रश्न सुटले आणि उताऱ्यांनी मला मारलं. उतारा म्हणजे पानभर इंग्रजी मजकूर, खाली प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. मजकूर मला कळायचा. आवडायचासुद्धा. उत्तर देताना मी अगदी खुशीत असायचो. आणि उत्तर चुकायचं.

आता यात अडलं होतं काय, तर आमच्या गावचं, बिडकीनचं दुकान. तिथं आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं. आप्पांचे गुडघे कामातून गेले होते. खताची पोती उतरवून घ्यायला उभं राहणंही त्यांना जड जायचं, आणि मी एकुलता एक. दुसऱ्यांदा आपटून मी घरी गेलो तेव्हा आप्पांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून गल्ल्यावर ठेवला. आप्पा बोलायचे फार कमी. गिऱ्हाईकाशीसुद्धा मानेनंच व्यवहार करायचे.

"अजून एकदा दे," ते म्हणाले. "झालं तर जा. नाय झालं तर ह्या घे."

जुडगा पुन्हा कमरेला गेला. विषय संपला.

गैरसमज नको. दुकानाचं मला वावडं नव्हतं. उलट त्या दुकानात मी जे सुख भोगलंय ते पुढं कुठल्याच वातानुकूलित खोलीत मिळालं नाही. पण मला एकदा बाहेर पडून बघायचं होतं. एखादा धंदा का चालतो आणि शेजारचा तसाच धंदा का बसतो, हे कुणीतरी नीट बसवून शिकवावं, अशी मला भूक लागली होती. पस्तिशीनंतर ही भूक राहत नाही, हे आजूबाजूच्यांकडे बघून मला कळलं होतं. तेव्हा येत्या डिसेंबरात व्हर्बल की चाव्या, एवढाच सवाल होता.

मी तेव्हा पडेगावला, दौलताबाद रोडच्या बाजूला, एका निवृत्त वकिलांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. सगळे त्यांना वकीलसाब म्हणायचे. सत्तरी ओलांडलेले, पांढरीशुभ्र दाढी, मनगटं अजून पैलवानासारखी. कचेरी सुटली होती, पण कचेरीचा आवाज सुटला नव्हता. भाजीवाल्याला ते "वांगी कशी दिली?" असं विचारायचे नाहीत. "ये वांगी तुम खुद देखके लाए, या किसी ने तुमकू बोला के ताजी है?" असं विचारायचे. भाजीवाला घाबरून खरं सांगून टाकायचा. घरात ते आणि त्यांच्या पत्नी, मी त्यांना चाची म्हणायचो. मागच्या अंगणात आड होता, आडावर रहाट, आणि आडापासून चार पावलांवर चाचींनी नुकतंच लावलेलं पेरूचं रोप. ते रोप नीट लक्षात ठेवा.

श्रावण सरता सरता एका संध्याकाळी मी गच्चीवर सरावाची प्रश्नपत्रिका सोडवून उत्तरं तपासत होतो आणि पुस्तकावर खेकसत होतो. खालून आवाज आला.

"कायकू चिल्लाते, इंजिनियर साब? किसपे खफा है?"

"पुस्तकावर, वकीलसाब."

"पुस्तक लेके नीचे आओ. दोनों की बात सुनते हम."

मी खाली गेलो. वकीलसाब अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला चाचींच्या पाटावर बसवलं आणि उतारा मोठ्यानं वाचायला सांगितला. उतारा होता विलायतेतल्या एका काचेच्या कारखान्याचा. अनेक वर्षं चाललेला कारखाना मालकानं अचानक बंद केला. मी वाचायला लागलो, आणि मी वाचायला लागलो की जे होतं तेच झालं. चाची स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उंबऱ्यावर बसल्या. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण माझ्या आवाजावरून त्यांना समजलं, की कुणाचं तरी वाईट होणार आहे.

"अब सवाल," वकीलसाब म्हणाले.

सवाल होता, मालकानं कारखाना का बंद केला. मी ठासून उत्तर दिलं, "वारसांमध्ये भांडण झालं म्हणून. पर्याय तिसरा."

"अच्छा. वारस कितने थे?"

"दोन भाऊ."

"बड़ा भाई कैसा था?"

"जरा उधळ्या," मी म्हणालो. मला तो समोर दिसत होता.

"और छोटा?"

"धाकटा मेहनती. पण त्याची बायको..."

"बस!" वकीलसाब उठून उभे राहिले. असे उभे राहिले, की समोर साक्षात न्यायाधीश बसलेत असं वाटावं. "अब मेरेकू कागज पे उंगली रखके दिखाओ. भाई कहाँ है?"

मी उतारा वरपासून खालपर्यंत शोधला. कोळसा होता. महाग झालेला. रेल्वे होती, दुसऱ्या गावाकडून गेलेली. मालक होता, एकटा. भाऊ कुठंच नव्हता. धाकट्याची बायकोही नव्हती.

"बिडकीनला असंच झालं होतं," मी पुटपुटलो. "तेलाच्या घाण्याचं. आणि करमाडला कापसाच्या जिनिंगचंही."

"हौ. बिडकीन में हुआ. कागज पे नहीं हुआ." ते परत बसले. "गवाह अपनी आँख का देखा छोड़के मोहल्ले की बात बोलने लगा, तो उसका बयान फेंक देते बेटा. ये आदत कहाँ से लगी तुमकू?"

आदत कुठून लागली ते मी त्यांना सांगितलं, तेच इथंही सांगतो.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आप्पा शाळेत होते. शाळा उर्दूत. तिथपर्यंत त्यांचं बरं चाललं होतं. मग निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठीत आली, आणि आप्पांना सगळी अक्षरं पुन्हा पहिल्यापासून गिरवायची वेळ आली. वर्गात सगळ्यात उंच मुलगा, आणि गमभन गिरवतोय. त्यांनी दप्तर ठेवलं आणि शेती धरली, पुढं दुकान. मराठी त्यांना वाचता यायचं, पण बोट फिरवत, फार हळू. त्यामुळे मला वाचता यायला लागलं तसं दुकानात संध्याकाळी पेपर वाचायचं काम माझ्याकडे आलं. शेतातून परतणारी माणसं पोत्यांवर बसायची, आणि मी गल्ल्यावर चढून बातम्या वाचायचो.

श्रोत्यांमध्ये मुख्य होते ते मामा. ते कुणाचे मामा होते कुणास ठाऊक, सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. बातमी संपली की मामा विडीचा धूर सोडत विचारायचे, "मग? पुढं?"

आता बातमी ही मध्येच संपणारी गोष्ट. ट्रक उलटला, चालक पळाला, पोलीस तपास करीत आहेत. पुढं काय ते छापलेलंच नसायचं. पहिल्यांदा मी म्हणालो, "पुढं नाय दिलेलं." मामांनी असं तोंड केलं, जणू आप्पांनी त्यांना न उगवणारं बी दिलंय. तेव्हा मी चालकाला थोडा पुढं पळवला. एका मळ्यात लपवला. मळेवाल्याच्या कुत्र्याला त्याच्या मागं लावलं. लोक पोत्यांवरून पुढं सरकले. त्या दिवसापासून मी कुठलीही बातमी अर्धवट सोडली नाही. लोकांना ठाऊक होतं बरं का, की मी भर घालतो. त्यांना भरच हवी होती. आप्पा कोपऱ्यात बसून ऐकायचे. हसले नाहीत, रागावले नाहीत. मी मात्र वाचणं म्हणजे हेच, असं धरून चाललो. इंजिनिअर झालो तरी तसंच चाललो.

वकीलसाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मेरी भी सुनो," ते म्हणाले. "मैं नया वकील था, उर्दू में बहस करता था. पोलीस ॲक्शन के बाद हौले हौले कचेरी की जबान बदली. बयान अंग्रेजी में, हुकूम अंग्रेजी में. मेरेकू आती नहीं थी. पोस्टकार्ड लेता, नीचे की सब लाइनें ढाँकता, एक लाइन खुली रखता. उसपे उंगली. जितनी समझी उतनी समझी. जिसकू कम आती है ना बेटा, वो जोड़ने से डरता है. तुमकू ज्यादा आती है. तुम्हारी बीमारी ये है."

व्हर्बलवर मी किती पुस्तकं आणली होती, शहरातल्या किती शिकवण्यांच्या दारांत उभा राहिलो होतो. माझं इंग्रजी कच्चं नसून जास्त आहे, हे निदान कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आमची कचेरी सुरू झाली. माझी पहिली पाळी संपली की ऊन उतरायच्या वेळेला अंगणात. वकीलसाब त्यासाठी खुंटीवरचा काळा कोट घालायचे. चाची म्हणायच्या, "इत्ती गरमी में कोट? बच्चे कू पढ़ा रहे के फाँसी दे रहे?" पण कोटाशिवाय वकीलसाबांना प्रश्न सुचत नसत. मी पाटावर, म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. हातात पोस्टकार्ड. एक ओळ उघडायची, वाचायची, आणि त्या ओळीनं काय सांगितलं ते साध्या शब्दांत सांगायचं. मग प्रश्न. मग चार पर्याय, म्हणजे चार नवे साक्षीदार. "तीन झूठे है," वकीलसाब बजावायचे. "और याद रखो, झूठा गवाह मीठा बोलता है. सच्चा गवाह सूखा बोलता है. जिसके बयान पे तुमकू मजा आया, उसकू पहले पकड़ो."

प्रत्येक पर्यायाला पुरावा ओळीवर बोट ठेवून दाखवायचा. बोट हवेत राहिलं की दंड. आणि दंड त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केला होता.

"बालटी!"

म्हणजे आडातून एक बादली पाणी शेंदायचं आणि पेरूच्या रोपाला घालायचं.

त्या वर्षी पावसानं आमच्याकडे नुसती हजेरी लावली होती. आसपासची रोपं माना टाकत होती. चाचींचं पेरूचं रोप मात्र पहिल्या पंधरवड्यात चिखलात उभं होतं. मधमाश्यांवरच्या उताऱ्यात मी राणीमाशीला सासू केलं, बालटी. धरणावरच्या उताऱ्यात लेखक धरणाच्या विरोधात आहे असं मी सांगितलं, कारण धरणात त्याची जमीन गेली असणार. "जमीन? कागज पे?" बालटी. एका शास्त्रज्ञानं शोध उशिरा प्रसिद्ध केला, त्याचं कारण मी त्याच्या पोटदुखीत शोधलं. वकीलसाबांनी कोटाचं वरचं बटण उघडलं, श्वास घेतला आणि म्हणाले, "इसकू दो बालटी."

चाचींनी शेवटी तक्रार केली. "झाड सड़ जाएगा इसके इंग्लिश से!"

त्यांनी रोपाभोवती चर खोदून घेतला, जास्तीचं पाणी मिरच्यांकडे जाईल असा. मग मिरच्याही भरभरून आल्या. गल्लीतल्या बाया मिरच्या घेऊन जाताना माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. मी काहीतरी शेतीचं शिक्षण घेतोय, असा त्यांचा समज झाला असावा.

हळूहळू फरक पडत होता. पोस्टकार्डानं माझा वेग आधी मारला आणि मग परत दिला. कोरडा साक्षीदार ओळखू यायला लागला. पण एक गोष्ट वकीलसाबांच्या ध्यानात आली. आठवडाभर बादल्या कमी कमी होत जायच्या आणि सोमवारी एकदम वाढायच्या. एका सोमवारी लागोपाठ चुकल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझा वास घेतल्यासारखं केलं.

"कल बिडकीन गए थे?"

"गेलो होतो."

"पेपर पढ़ा?"

मी मान खाली घातली. मामांनी फारच आग्रह केला होता. पाझर तलावात मगर दिसल्याची बातमी होती, आणि मगर दिसली एवढ्यावर कुणाचं समाधान होतं?

"इम्तिहान तक पेपर बंद," वकीलसाबांनी निकाल दिला. "बिडकीन भी बंद."

मी दुकानात फोन लावला. परीक्षा होईपर्यंत येणार नाही, म्हणून सांगितलं. माझ्या मनात धाकधूक होती. नोकरी लागल्यापासून मी दर रविवारी जायचो, त्या संध्याकाळची बैठक माझ्या पेपरावर टिकून होती आणि बैठकीतली माणसंच दुकानाची गिऱ्हाइकं. पेपर थांबला तर माणसं दुसऱ्या ओट्यावर जाऊन बसणार. आप्पांचे गुडघे तसे, त्यात हे.

"बरं," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. वकीलसाबांच्या कोटाला आता चाचींची हरकत नव्हती. आणि एक दिवस, मी सलग उतारे सोडवून पाटावरून उठत होतो, तर चाची रोपापाशी वाकून उभ्या.

"ये देखो," त्या म्हणाल्या. "पत्ते मुरझा गए."

खरंच. पानं वळली होती.

"कभी तो गलती करो रे," चाची मला म्हणाल्या. "झाड का क्या कसूर?"

वकीलसाबांनी त्या दिवशी स्वतः रहाट ओढून रोपाला पाणी घातलं. काळा कोट घालूनच. त्यांनी शाबासकी दिली असेल तर ती एवढीच.

परीक्षा शहरातल्या एका कॉलेजात होती. सकाळी बोटं गारठलेली, बाकं त्याहून गार. गणिताचं सोडा, ते नेहमीसारखं झालं. व्हर्बलला हात घातला तेव्हा पोस्टकार्ड आत नेता येत नव्हतं म्हणून डाव्या हाताचा पंजा आडवा ठेवून मी ओळी झाकल्या. पर्यवेक्षक बाई माझ्याजवळ येऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. पंजाखाली काही लपवलंय का, ते बघून गेल्या.

शेवटचा उतारा होता घड्याळं बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचा. दुकानातलं एक घड्याळ तो कुणालाच विकत नाही. सवाल, का विकत नाही? आणि दुसरा पर्याय वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कारण ते त्यानं आपल्या दिवंगत पत्नीला दिलेलं वचन म्हणून जपलं होतं. काय तो पर्याय! मला ती बाई दिसली. तिची खुर्ची दिसली. घड्याळ बंद पडलं की ती कशी रुसायची तेसुद्धा दिसलं. माझी पेन्सिल तिच्याकडे निघाली आणि मला मजा वाटली. मजा वाटली म्हणूनच मी थांबलो.

पंजा काढला आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवलं. म्हातारा होता. दुकान होतं. पत्नी कुठंच नव्हती. होती ती एक रुक्ष ओळ, की त्या घड्याळाची वेळ त्याला अजून मनासारखी जुळवता आली नव्हती. चौथा पर्याय तेवढंच सांगत होता. कोरडा ठक्क.

मी चौथा काळा केला. ती बाई सोडताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

संक्रांत होऊन गेल्यावर पाकीट आलं, पडेगावच्याच पत्त्यावर. मी ते फोडलं, वाचलं आणि धावत खाली गेलो. वकीलसाबांनी चष्मा मागवला, पत्र घेतलं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत बोट फिरवत वाचलं. चाची माझ्याकडे बघत होत्या, मी वकीलसाबांच्या बोटाकडे.

"तो तुमकू दाखिला मिल गया? ले लिया कॉलेज में?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "सगळ्या विभागांत पातळी गाठली आणि मुलाखतीला बोलावलं आहे. एवढंच लिहिलंय."

वकीलसाबांनी पत्राची घडी केली आणि माझ्या खिशात ठेवली. "अब जाके अब्बा कू सुनाओ," ते म्हणाले. "जितना है उतना."

परीक्षेनंतरही निकाल हाती येईपर्यंत मी बिडकीनला गेलो नव्हतो; पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. वाटेत एसटीत मी मनाची तयारी करत होतो. पोती रिकामी असतील, कोपऱ्यात आप्पा एकटे बसलेले असतील. दुकानापाशी आलो तर बाहेर चपलांचा ढीग. आत माणसं पोत्यांवर मावत नव्हती, दोघं उंबऱ्यावर बसलेले.

"आलास व्हय!" मामा ओरडले. "ये, ये. आमचं काय अडलं नाय बरं का तुझ्यावाचून. आप्पा वाचतो पेपर."

"आप्पा?"

"मग! पयलं लई रटाळ व्हतं. एक ओळ वाचायची आन ह्यानं थांबायचं. तवर आमी विड्या वढायच्या. मग एकदा म्या म्हन्लं, पुढं काय, सांग की. तर ह्यो बाबा बोलायला लागला! बिबट्या उसात शिरला एवढंच छापून आलं व्हतं. आप्पानं आठवडाभर त्याला भाईर येऊ दिला नाय. रोज नवं. एक दिवस त्याची बायको त्याला हुडकत आली."

"मादी," मी म्हणालो.

"बायकोच म्हन्ला आप्पा. डोक्यावर पदर घिऊन आली."

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा तराजू पुसत होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. इतकी वर्षं हा माणूस कोपऱ्यात बसून माझी भर ऐकत होता, आणि मी समजत होतो की त्याला त्यातलं काही घेणं नाही.

"निकाल?" आप्पांनी विचारलं.

मी खिशातून पत्र काढलं. मामांनी विडी विझवली. मी गल्ल्यावर चढलो नाही, उभ्यानंच वाचलं. इंग्रजी ओळ वाचायची, तिचं मराठी सांगायचं. पंजा आडवा, एका वेळी एक ओळ. सगळ्या विभागांत पातळी गाठली. अमुक गावी मुलाखतीला यावं. सोबत मूळ प्रमाणपत्रं आणावीत. खाली सही.

मी थांबलो.

"मग?" मामा म्हणाले. "पुढं?"

एखाद्या जुन्या व्यसनी माणसाच्या समोर कुणी बाटली ठेवावी तसं झालं. मुलाखतीची खोली माझ्या डोळ्यांसमोर उघडत होती, तिच्यातली माणसं खुर्च्या सरकवत होती. मी तोंड मिटून ठेवलं.

"पुढं नाय लिहिलेलं, मामा."

"म्हंजी जानार का नाय जानार?"

"ते नाय लिहिलेलं."

"दुकानाचं?"

"तेबी नाय."

पोत्यांवर हळहळ पसरली. मामांनी तेच तोंड केलं, न उगवणाऱ्या बियाण्याचं. तेवढ्यात आप्पा कोपऱ्यातून हात पुढं करून म्हणाले, "आण इकडं."

आप्पांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, पत्र मांडीवर सरळ केलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. अगदी वकीलसाबांसारखं. बोट डावीकडून उजवीकडे सावकाश सरकलं.

"ह्यात लिव्हलंय," आप्पा म्हणाले, "की पोरगं मुलाखतीला जाईल. तिथं मोठाले साहेब बसलेले असतील. ते इचारतील, का रं, तुझा बाप काय करतो? हे सांगंल, बियाणं इकतो. तसा मधला साहेब खुर्चीतून उठून उभा ऱ्हाईल."

"का बरं?" मामा पुढं सरकले.

बोट दुसऱ्या ओळीवर आलं. "त्याच्या बी बापाचं दुकान हाय. पर त्याला तिथं जाऊन लई दिस झाले. मग तो ह्येला लई येळ बसवून घेईल, आपल्या दुकानाचं इचारत. बाकीची पोरं भाईर ताटकळत."

"आन मग घेतील ह्येला?"

"घेतील की. शिकंल हे. दोन सालं." बोट खाली आलं, सहीच्या शिक्क्यापाशी थांबलं. तिथं आप्पांना जरा वेळ लागला. "आन दुकानाचं हितं शेवटाला लिव्हलंय. बापाचे गुडघे आता बरे हायेत. दुकान तो बघंल. पोरानं काळजी करू नये."

त्यांच्या पायांशी गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली होती. कमरेला चाव्यांचा जुडगा होता, होता तिथंच.

त्यातलं एक अक्षर कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखवा, असं मी म्हणू शकलो असतो. वकीलसाबांच्या कायद्यानं आप्पांकडे इतक्या बादल्या निघत होत्या, की पेरूचं सबंध झाड वाहून गेलं असतं. मी मामांना जरा सरकायला सांगितलं, त्यांच्या शेजारी पोत्यावर बसलो.

"मग?" मी म्हणालो. "पुढं?"